पासबुकातले चार लाख वाचलेले नसतात

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक भावकीचा ग्रुप, एक सोसायटीचा, दोन कामाचे. ‘बांधकामाचा खर्च हाताबाहेर जाऊ न देण्याचे पाच नियम’. नियम असे: खर्च बजेटच्या आत असेल तर निश्चिंत राहा, साहित्य सुरुवातीलाच एकदम घ्या, ठेका चौरस फुटाने द्या, म्हणजे डोकेदुखी ठेकेदाराची, दहा टक्के जादा धरून ठेवा, आणि रोज हिशोब मांडत बसू नका, शेवटी एकदाच बसा.

मी सोलापुरात बिलिंगचं काम करतो. टेप लावून मोजमाप घ्यायचं आणि रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाच झालेल्या कामाचं बिल, काढायचं, हा रोजचा धंदा. माझ्या मते पाचातला एक नियम अर्धा खरा आहे. बाकीचे चार खिसा कापणारे आहेत.

पहिला सगळ्यात गोड, म्हणून सगळ्यात घातक. दाजींचं घर जुळे सोलापुरात चाललंय. अंदाजपत्रक ४० लाखांचं, मुदत १० महिने. पाच महिने झाले तेव्हा दाजींनी पासबुक पुढे केलं. ‘आतापर्यंत वीस लाख जायला पाहिजे होते, सोळाच गेलेत. चार लाख वाचले की!’

‘दाजी, लोखंडाच्या दुकानाची उधारी?’

‘दोन लाख. ती पुढच्या महिन्यात द्यायचीय.’

म्हणजे खर्च १८ लाख. पैसे द्यायचे राहिले म्हणून माल स्लॅबमधून परत येत नाही. पण खरी मेख वेगळीच. १८ लाखांत काम किती झालं? रविवारी टेप घेऊन गेलो. अंदाजपत्रकातली एकेक बाब घेतली, झालेलं काम मोजलं आणि त्याला अंदाजपत्रकातलाच दर लावला. बेरीज आली १५ लाख. वीस लाखांचं काम व्हायला हवं होतं, पंधराचं झालं, आणि त्या पंधराला अठरा लागले. चार लाख वाचले नव्हते, तीन लाख जास्त गेले होते.

मोजायला टेपच लागते, मिस्त्रीचं तोंड नाही. खालच्या मजल्याच्या गिलाव्याचं विचारलं तर मिस्त्री म्हणाला, ‘नव्वद टक्के झालंय की मालक, थोडंच राहिलंय.’ तीन आठवड्यांपूर्वीही नव्वदच होतं. म्हणून दाजींच्या वहीत नियम घातला: खोलीचा गिलावा सुरू झाला की निम्मी किंमत धरायची, उरलेली निम्मी खोली पूर्ण झाल्यावरच. मधले टक्के नाहीत.

ही काही माझी अक्कल नव्हे. खर्च झाला म्हणजे काम झालं असं ठेकेदार दाखवतात, हा ताप अमेरिकेच्या संरक्षण खात्यालाही होता. १९६७ मध्ये त्यांनी ठेकेदारांसाठी ३५ निकष ठरवले, त्यातून ही पद्धत रुळली. पुस्तकात तिला ‘अर्जित मूल्य’ म्हणतात. आपल्याकडे सरकारी कामावर मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही, त्यामागेही हाच विचार आहे. घर बांधताना मात्र आपण ते विसरतो.

आता पुढचं गणित. १५ लाखांच्या कामाला १८ लागले. खर्चाचं हेच प्रमाण राहिलं तर ४० लाखांचं घर ४८ ला पडेल. हा आकडा ऐकून दाजींनी चहा तसाच ठेवला. पण तीन लाख कुठे गेले ते बघितल्याशिवाय ४८ वरही विश्वास ठेवू नये. बघितलं तर निम्म्याहून जास्त पैसे पायात गेले होते. पाच फुटांवर मुरूम लागेल असं धरलं होतं, काळी माती साडेसात फुटांपर्यंत निघाली. पाया पुन्हा भरायचा नाही, म्हणजे हा खर्च एकदाचाच. सगळे तीन लाख एकदाचेच असते तर उरलेलं २५ लाखांचं काम ठरल्या दरात होऊन घर ४३ ला बसलं असतं. पण लोखंडाची नासाडी आणि रखडलेल्या सेंट्रिंगचं (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं) भाडं पुढच्या स्लॅबलाही येणारच. मी ४५ धरले.

चौरस फुटाच्या ठेक्याचा नियमही याच पायात बुडतो. दाजींचा ठेका चौरस फुटानेच होता. पण ठरलेला दर होता पाच फूट खोल पायाचा, त्याहून खोल गेलं की सगळं ‘जादा काम’. पॅरापेट (गच्चीचा कठडा), सेप्टिक टँक, लॉफ्ट (माळा) हे कुठे धरलंय ते कागदावर नसेल, तर तेही जादाच. जादा कामाचा दर आधी लिहून घ्यावा आणि काम सुरू होण्याआधी सही व्हावी. साइटवर उभ्याउभ्या म्हटलेलं ‘बरं, करून टाका’ फार महाग पडतं.

साहित्य एकदम घ्यायचं? सिमेंट तर मुळीच नको. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते आधीच दगड होतं. शिवाय भाव नेहमी वरच जातो असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कराआधी २८० रुपयांचं पोतं धरलं, तर ३५८ चं ३३० झालं. ऑगस्टमध्ये सहाशे पोती भरून ठेवणाऱ्याचे सोळा-सतरा हजार बसल्या जागी गेले. लोखंडाचं थोडं वेगळं आहे. तिथे दुकानदाराशी भाव बांधून घ्यावा आणि माल टप्प्याटप्प्याने उचलावा.

दहा टक्क्यांचा नियम तो अर्धा खरा. जादा रक्कम हवीच. पण ती त्याच खात्यात पडली की कुणालाच जादा वाटत नाही, आणि पायासाठी ठेवलेले पैसे पीओपीत जातात. रक्कम वेगळी ठेवा आणि त्यातून रुपया काढला तरी कशासाठी ते लिहा.

राहिला शेवटचा, हिशोब शेवटी करण्याचा. पाचव्या महिन्यात आकडा कळला म्हणून दाजींना काहीतरी कापता आलं. कंपाउंडची दगडी फरशी रद्द केली, गच्चीवरची खोली कॉलमपर्यंतच ठेवली. शेवटी हिशोब केला असता तर दोन्ही बांधून झालेलं असतं. ओट्याचं ग्रॅनाइट मात्र ताईने कापू दिलं नाही.