सीएसटी ते एनसीपीए: ए-११५ बद्दल थोडं सविस्तर

बेस्टची ए-११५ ही बस ज्यांच्या वाट्याला कधी आली नाही त्यांच्यासाठी: मुंबईत सीएसटी ते एनसीपीए, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकाचं नाटक-संगीताचं केंद्र, अंतर जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर. शहरातली पहिली एसी इलेक्ट्रिक डबलडेकर फेब्रुवारी २०२३ मध्ये याच मार्गावर धावली, त्यामुळे फोटोत तरी सगळ्यांनीच पाहिलेली असणार. डोंबिवलीहून रोज नरिमन पॉइंटला येणाऱ्या बाईचं मत आहे, त्या बेताने घ्या. गाडी छान आहे, मार्ग त्याहून छान आहे. पण या मार्गाचा विचार लांब पल्ल्याच्या बससारखा होतो आणि तिथेच सगळं अडतं.

बोरिवली-कुर्ला पट्ट्यात तासभर बसमध्ये बसणाऱ्याला थांब्यावर दहा मिनिटं जास्त गेली तर तो कुरकुरतो, पण थांबतो. दुसरं करणार काय? सीएसटीला उतरलेल्या माणसाचं तसं नसतं. तो चालत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत एनसीपीए गाठू शकतो. मंत्रालयाला जायचं असेल तर त्याहून आधी. बाहेर शेअर टॅक्सी उभ्याच असतात. आता तर जमिनीखाली मेट्रोही आहे. अशा माणसाला बसमध्ये एसी आहे की नाही, वरच्या मजल्यावर जागा आहे की नाही, हे सगळं नंतरचं. त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: पुढची कधी? प्रवास पंधरा मिनिटांचा आणि वाट पाहणंही पंधरा मिनिटांचं, असं झालं की माणूस मनातल्या मनात चालायला लागलेलाच असतो.

शेअर टॅक्सीकडे जरा नीट बघा. तिला वेळापत्रक नाही, थांब्यावर बोर्ड नाही, ॲप नाही. चार माणसं बसली की निघाली, पाठोपाठ दुसरी पुढे सरकली. गर्दीच्या वेळी याहून चांगली पद्धत मला तरी सुचत नाही. टॅक्सीवाले बसचे प्रवासी पळवतात असं आपण म्हणतो खरं, पण ती रांग म्हणजे इथे प्रवासी आहेत याचा रोजचा पुरावा आहे. सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बसनेही तेच करावं. वेळापत्रक बाजूला ठेवून स्टार्टरला, म्हणजे थांब्यावरून गाड्या सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, मोकळीक द्यावी: गाडी भरली की सोड, नाही भरली तरी पाच मिनिटांच्या वर अडवू नकोस. रांगेतली माणसं मोजायला स्टार्टरला संगणक लागत नाही. आपले स्टार्टर रांगेवर एक नजर टाकून सांगतात, ही गाडी पुरणार की नाही.

रांगेतच वाहकाने तिकीट देऊन टाकायचं ही पद्धत मात्र मला मनापासून आवडते. सुट्टे, मागेपुढे सरकणं, ‘ताई, पुढे जागा आहे’ हे सगळं बस यायच्या आत आटोपलेलं असतं. दार उघडलं की माणसं नुसती चढतात. कार्ड किंवा फोन टॅप करून चढायची सोयही चांगली. आणि तीही पहिल्यांदा याच भागात आली, एप्रिल २०२२ मध्ये, गेटवे ते चर्चगेट. (दक्षिण मुंबईला सगळं आधी मिळतं, हे आम्हा पलीकडच्यांना माहीत आहे. असो.) पण थांब्यावर एक साधा फलक हवा, पुढच्या दोन गाड्या किती मिनिटांत येतायत ते दाखवणारा. ॲपमध्ये दिसतं हे मान्य. पण एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री असताना फोन काढायचा कोणी?

आता डबलडेकर. तिच्यावर टीका केली की लोक अंगावर येतात, म्हणून आधीच सांगते, मलाही ती आवडते. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या लाल डबलडेकर कायमच्या गेल्या तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. नव्या गाडीला दोन दारं आणि दोन जिने आहेत, हे शहाणपणाचं काम. सकाळी सगळे एका टोकाला चढतात आणि बहुतेक दुसऱ्या टोकाला उतरतात, तेव्हा दुमजली गाडी अगदी योग्य. पण अकरा ते चार या वेळेत फोर्टातले लोक दोन थांबे जाऊन उतरतात. कोणी बँकेत, कोणी कोर्टात, कोणी झेरॉक्स घ्यायला. दोन थांब्यांसाठी जिना चढणारच कोण? तिथे छोटी मिडी बस दुप्पट वेळा सोडा. मोठी गाडी त्या वेळात चार्जिंगला लावा आणि रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या गर्दीसाठी पुरेपूर वापरा. तेव्हा वरच्या मजल्यासाठी पोरं भांडतात, भांडू देत.

तिकिटाबद्दल. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये झालं, एसीला सहा. मे २०२५ पासून ते दहा आणि बारा. पहिल्या पाच किलोमीटरना एकच भाडं, म्हणजे आमचा अख्खा मार्ग त्या एका टप्प्यात. महिन्याला बावीस दिवस येऊन-जाऊन धरलं तर २६४ रुपयांचे ५२८ झाले. मासिक पास ९०० वरून १८०० वर गेला; तो कल्याणच्या माणसाने फक्त या तुकड्यासाठी काढणं म्हणजे वेडेपणाच. गंमत बघा, मेट्रो ३ चं किमान तिकीटही दहाच रुपये. भुयारातली एसी गाडी दहात आणि रस्त्यावरची एसी बस बारात. ऑक्टोबर २०२५ पासून ती मेट्रो कफ परेडपर्यंत जाते. सीएसटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधानभवन सगळं तिच्या वाटेवर. तिच्याशी वेगात स्पर्धा करायचा प्रश्नच नाही. पण मेट्रोसाठी जिने-सरकते जिने उतरून खाली जायचं, पुन्हा वर यायचं, आणि विधानभवनला बाहेर पडून एनसीपीएच्या टोकापर्यंत चालायचं. बस रस्त्यावरच मिळते आणि दारात सोडते. ही तिची जागा आहे, ती सोडू नये.

मला हवाय तो लोकलच्या पासला जोडलेला छोटा पास. पासधारकाला पाच किलोमीटरच्या आत कुठल्याही बसने कितीही वेळा, महिन्याला तीनशेच्या आसपास. रोज टर्मिनसला उतरणारी एवढी माणसं आहेत, त्यातल्या थोड्यांनी जरी घेतला तरी गाड्या दोन्ही वेळा भरतील.

परतीचं दुखणं राहिलंच. मंत्रालयाची वेळ पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे सकाळी जाताना श्वास घ्यायला जागा नाही आणि येताना गाडी मोकळी. संध्याकाळी बरोबर उलटं. बेस्टने ठेकेदारांकडून भाड्याने घेतलेल्या गाड्यांचे पैसे किलोमीटरवर मोजले जातात, रिकामं धावणंही फुकट नाही. तर मग मोकळ्या दिशेला प्रत्येक थांबा घेत रेंगाळण्यापेक्षा एकाआड एक गाडी विनाथांबा, सरळ परत आणावी. तेवढ्याच गाड्यांत गर्दीच्या दिशेला एखाद-दोन फेऱ्या जास्त निघतील. बेस्टकडे एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्याही आत आल्यात. नव्या मागून मिळतील तेव्हा मिळतील, आहेत त्या तरी फिरत्या ठेवा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा मार्गासाठी एवढा काथ्याकूट? १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली ती कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. तोही एवढासाच मार्ग होता.

आणि एक, नरिमन पॉइंटला काम नसलेल्यांसाठी. आठनंतर तिथे चिटपाखरू नसतं असं धरून चालायचं सोडा. एनसीपीएतला कार्यक्रम नऊ-साडेनऊला सुटतो, तेव्हा माझ्या आईच्या वयाच्या बायका गेटबाहेर टॅक्सी शोधत उभ्या असतात, कारण त्यांना पुढे ठाणे-कल्याण लोकल गाठायची असते. टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, आणि एवढ्या जवळच्या अंतराला खुशीने येणारा टॅक्सीवाला मला अजून भेटायचाय. कार्यक्रम सुटल्यावर पाच-दहा मिनिटांनी एक गाडी, पाऊण तासाने आणखी एक, आणि दोन्हींच्या वेळा सभागृहाच्या बाहेरच्या फलकावर ठळक लिहिलेल्या. यासाठी नवी बस विकत घ्यावी लागत नाही.