जर्नल पूर्ण आहे, प्रयोग झालेला नाही

इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: सिलॅबस जुना आहे. अहो, सिलॅबस तर सारखा बदलतोय. एकट्या पुणे विद्यापीठात २०१२ पॅटर्न, २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न आणि आता २०२४ पॅटर्न. क्रेडिट आले, चॉइस बेस्ड आलं, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. एवढ्या उलथापालथीत एकच गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे प्रॅक्टिकलचं जर्नल, प्रयोगाची वही. वीसेक वर्षं शिकवून माझं मत असं झालंय की सुधारणा करायचीच असेल तर ती तिथून करा.

पहिल्या वर्षाचा साधा प्रयोग घ्या. पाण्याचा हार्डनेस मोजायचं ईडीटीए टायट्रेशन: ब्युरेट नावाच्या मोजनळीतून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब पाण्यात सोडायचं. बॅच वीस जणांची, धड चालणाऱ्या ब्युरेट चार, त्यातल्या एकीची तोटी गळकी. एक जण थेंब सोडतो, दुसरा फ्लास्क हलवतो, बाकीचे मोबाइलमध्ये. वाईन रेडचा निळा झाला की रीडिंग घ्यायचं. तीनदा करायचं आणि जे सारखं येतं ते सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. प्रत्यक्षात होतं एकदाच, उरलेली दोन रीडिंग वहीत आपोआप उगवतात. अशात एखाद्या पोरीचं ११.४ येतं आणि बाकी सगळ्यांचं १०.२. ती सरांकडे जाते. सर मान वर न करता सांगतात, "बाकीच्यांचं बघून घे." ती खोडरबर काढते.

त्या दिवसाचं विज्ञान त्या ११.४ मध्ये होतं हो! ब्युरेट आधी द्रावणाने खंगाळली होती का? नोझलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता का? बफर घातलं होतं का? की रंग बदलला तेव्हा लक्ष नव्हतं आणि मिलिलिटरभर जास्त गेलं? एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात, पैसा एक लागत नाही. आपण मात्र अठराव्या वर्षी पोरांना शिकवतो की यंत्र काय म्हणतं याला किंमत नाही, शेजारच्या वहीत काय आहे याला आहे.

ड्रॉइंगच्या शीटचं तेच. काचेखाली दिवा लावून मित्राची शीट उतरवायची, म्हणजे जीटी मारायची, हे होस्टेलवर काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आता कॅड आलं, तर फाइलचं नाव बदललं की झालं. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब कानस घासून जुळवायचा असतो. तो जुळवून देणारा माणूसही ठरलेला आणि त्याचा रेटही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तर तयारच मिळतो, रिपोर्ट आणि पीपीटीसकट.

पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण वरही तेच चाललंय. दर्जा तपासणारी कमिटी येणार म्हटलं की कॉलेजात काय धावपळ उडते ते आठवा. जिने रंगवले जातात, तीन वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स एका रात्रीत लिहिली जातात, मशीनवरची प्लास्टिकची कव्हरं निघतात. प्राध्यापकांच्या बढतीला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१० मध्ये एपीआय गुण, म्हणजे छापलेले पेपर वगैरे मोजून द्यायचे गुण लावले, तेव्हापासून पैसे भरून संशोधनाचे पेपर छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा तेजीत आला. पीएचडीला थीसिस देण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे अशी अट होती, ती २०२२ मध्ये काढावी लागली. सगळीकडे एकच रीत: आकडा आधी, काम जमलं तर नंतर.

हे कुठून आलं? मला वाटतं, याचं मूळ १८५७ मध्ये आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं त्या वर्षी लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढली गेली. तेव्हाचं लंडन विद्यापीठ शिकवत नव्हतं, ते परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवायची ती कॉलेजं. पुढे लंडनने स्वतःचा नमुना बदलला. आपण तो जपून ठेवला आणि एकेका विद्यापीठाला शेकडो कॉलेजं जोडली. त्यामुळे वर्गात शिकवणारा परीक्षेचा पेपर काढत नाही, पेपर काढणाऱ्याने ते पोर कधी पाहिलेलं नसतं आणि तपासणारा तिसराच असतो, त्याला दिवसाला ठरावीक गठ्ठा उरकायचा असतो. अशा यंत्रणेत ठरावीक प्रश्न आणि ठरावीक उत्तर हेच सोयीचं. ११.४ चं काय करायचं हे त्या यंत्रणेला कळतच नाही.

हे काही मी नवीन सांगत नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने लिहून ठेवलंय की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) चांगल्या कॉलेजांना स्वायत्तता द्या म्हणून सांगितलं. अहवाल झकास होते. कपाटात सुखरूप आहेत.

आयआयटींना पैसा मिळाला, निवडक पोरं मिळाली, सगळं मान्य. पण तिथे आणखी एक गोष्ट मिळाली जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच ग्रेड देतो. कानपूरला नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या मदतीने हे सुरुवातीपासून रुजलं. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० कॉम्प्युटर आला आणि प्राध्यापकांनी त्याभोवती नवे कोर्स उभे केले. अभ्यास मंडळाची बैठक, मग विद्वत सभा, मग परिपत्रक अशी वाट बघावी लागली असती, तर तो कॉम्प्युटर भंगारात गेला असता.

"आयआयटीचं सोडा हो," असं कुणी म्हणेल. बरं, सोडलं. आपल्या मुंबईचं यूडीसीटी घ्या. १९३३ मध्ये सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा हा केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग, माटुंग्याला. याच विभागातून शास्त्रज्ञ माशेलकर आले, डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी आले, मुकेश अंबानीही तिथलेच. तिथले प्रा. एम. एम. शर्मा १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हे कसं जमलं? मास्तर लोक पदवीच्या वर्गाला शिकवायचे, त्याच इमारतीत पीएचडीची पोरं घडवायचे आणि केमिकल कारखान्यांचे खरेखुरे प्रश्न सोडवायला जायचे. सोमवारी कारखान्यातली अडचण पाहिलेला माणूस मंगळवारी वर्गात उभा राहिला की पुस्तकातलं गणित वेगळं वाटतं. २००८ मध्ये त्याला वेगळ्या विद्यापीठाचा दर्जा मिळाला, पण नाव त्याच्या कितीतरी आधी झालेलं होतं.

बाकीच्या विद्यापीठांना हे का जमलं नाही, याचं एक उत्तर स्वातंत्र्याच्या आसपासच्या निर्णयांत आहे. संशोधनासाठी विद्यापीठांबाहेर वेगळ्या सरकारी संस्था निघाल्या: १९४२ मध्ये सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आलं, १९४५ मध्ये टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था). पुणे विद्यापीठ १९४९ चं आणि त्याच शहरात १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पण वेगळी. संशोधन विद्यापीठांतच वाढावं असं भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं म्हणणं होतं. टीआयएफआर काढणारे भाभा आणि सीएसआयआर उभं करणारे भटनागर यांना घाई होती आणि विद्यापीठांच्या कारभारात ते काम अडकलं असतं, ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. संस्था उत्तम झाल्या. बिल मात्र विद्यापीठांच्या नावावर फाटलं: चांगली माणसं आणि चांगली यंत्रं एका कुंपणात, पदवीची लाखो पोरं दुसऱ्या कुंपणात. २००९ मध्ये उच्च शिक्षणावरच्या यशपाल समितीने हेच दुखणं सांगितलं. २००६ पासून आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था निघाल्या, तिथे पदवीची पोरं संशोधकांच्या प्रयोगशाळेत जातात, पण ती जागा मूठभरांची.

खासगी कॉलेजांना सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं नसतं, तर तालुक्याच्या गावातली कितीतरी पोरं इंजिनिअर झाली नसती. त्याआधी ऐपतवाले डोनेशन भरून कर्नाटकात जात होते आणि बाकीचे घरी बसत होते. दुखणं हे की इमारती उभ्या राहिल्या, माणूस उभा राहिला नाही. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण होतं, २०१८ मध्ये तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने ते वीसमागे एक केलं. सायन्स कॉलेजांत तर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेली माणसं वर्षानुवर्षं घासतात. ज्याची पुढच्या जूनची नोकरी पक्की नाही, तो पोरीचं ११.४ घेऊन दहा मिनिटं कशाला बसेल?

पैशाचंही बोलायला हवं. देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, चीन दोन टक्क्यांच्या वर आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं आश्वासन, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून येणं अपेक्षित. येवोत बापडे. पण मी जे मागतोय त्याला कोटी लागत नाहीत.

मागणं एवढंच: प्रॅक्टिकलला बरोबर उत्तराचे गुण देऊ नका. रीडिंग पेनने लिहायचं, खोडायचं नाही. गुण द्या ते आपलं रीडिंग असं का आलं, हे पोराला सांगता येतं का यावर. पाण्याचे नमुने प्रत्येक गटाला वेगळे द्या, म्हणजे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. आणि जो शिकवतो त्याला निदान अर्धा पेपर काढू द्या.

लगेच शंका येणार: मास्तरांच्या हातात गुण दिले तर वशिला चालेल, टर्मवर्कच्या, म्हणजे मास्तरांच्या हातातल्या वर्षभराच्या कामाच्या गुणांची भीती दाखवून पोरांना राबवतील. चालेल, आजही चालतं. त्यावर उपाय आहे. पेपर आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका सगळ्या वर्गाला उघड्या ठेवा, त्यातल्या थोड्या दुसऱ्या कॉलेजच्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या, तफावत निघाली की जाब विचारा. आजच्या पद्धतीत जाब विचारायला माणूसच सापडत नाही. बैठक क्रमांक विद्यापीठाचा, बारकोड एजन्सीचा, चूक कुणाचीच नाही.

सुरुवात पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या लॅबपासून करता येईल. स्वायत्त कॉलेजांना तर विद्यापीठाची परवानगीही लागत नाही, आणि महाराष्ट्रात अशी कॉलेजं आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी स्वायत्त झाल्यावर जर्नलची पद्धत बदलली? तिथे शिकवणारं कुणी वाचत असेल तर सांगा. फी आणि लोगो बदलल्याचं मला माहीत आहे.