तलावपाळीवर टेक्सास

विषय काढला संज्याने. मुलगा ह्यूस्टनला गेल्यापासून सगळे विषय तोच काढतो.

"आमच्या टेक्सासात 2002 पासून लोक वीज कंपनी स्वतः निवडतात. पटली नाही की दुसरी. इथे जन्मापासून मरेपर्यंत एकच मीटर!"

"आमच्या टेक्सासात" म्हणजे दोन खेपा मिळून पाच महिने. बंड्याने बशीत चहा ओतला. "तू मुलुंडला राहून पत्त्यात मुंबई लिहितोस ना? मग बिल का रे आम्हा ठाणेकरांसारखंच महावितरणचं? घाटकोपरवाल्याला टाटा की अदाणी हे तरी ठरवता येतं. तुला तेही नाही."

इथे कॉम्रेड जागा झाला. बँकेच्या युनियनमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पेपरची सुरळी करून कट्ट्यावर आपटायची सवय गेलेली नाही. "मुळात हा डाव आहे! एकाच भागात दुसऱ्या कंपनीला समांतर परवाना म्हणजे मलईचे ग्राहक खाजगीला आणि शेतकरी सरकारला. जानेवारी 2023 च्या संपात आम्ही गेटवर होतो!"

"आम्ही कोण? तू तेव्हा मुलीकडे पुण्याला होतास."

"मनाने होतो. आणि मुळात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प विसरलात का?"

एन्रॉन निघाल्याशिवाय आमच्या कट्ट्यावरची विजेची चर्चा संपतच नाही. पण आज बंड्या तयारीत होता. वागळे इस्टेटमध्ये त्याचं छोटं वर्कशॉप आहे, विजेचं बिल तो पोटतिडकीने वाचतो. "एन्रॉनमध्ये बाजार होता कुठे? स्पर्धेचं टेंडर नाही, हिशेब डॉलरला बांधलेला, आणि वीज उचला न उचला, पैसे मोजायचे वीज मंडळाने. याला बाजार नाही म्हणत, हुंडा म्हणतात."

"वा!" मी म्हणालो. चुकून जरा मोठ्याने.

संज्याला चेव आला. "अमेरिकेत पण रडगाणं आहेच. 1970 पासूनचा पर्यावरण कायदा, मोठ्या प्रकल्पाचा अहवाल व्हायला सरासरी साडेचार वर्षं. शेवटी 2023 ला त्यांनी मुदत घातली. दोन वर्षं, दीडशे पानं."

"आणि 2021 च्या थंडीत तुमच्या टेक्सासात घाऊक वीज युनिटला 9 डॉलरवर गेली, ते?" हेही बंड्याच. "तुझा पोरगा तीन रात्री घरात जॅकेट घालून झोपला, तूच सांगितलंस. गॅसच्या विहिरी गोठल्या, बाजार काय करणार? मला टेक्सास नको. मला फक्त परवानगीचं उत्तर वेळेत पाहिजे."

"म्हणजे खाडीतले तिवर कापा!" सुरळी आपटली.

"तिवर कापा कोण म्हणालं? 12 ऑक्टोबर 2020 आठवतो? कळवा-पडघ्याच्या लाइनी गेल्या आणि अख्खी मुंबई बसली. मुंबईत बाहेरून वीज आणायला वाटा कमी, म्हणून खारघर-विक्रोळी लाइन. वर्षानुवर्षं भिजत घोंगडं, सुरू झाली 2023 ला. तिवरांना हात लावायचा तर हायकोर्टाची परवानगी लागते, लागू दे. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण मुदतीत म्हणा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

कॉम्रेड त्या दिवशी लिफ्टमध्ये अडकला होता, ते तो दोनशेव्यांदा सांगू लागला. आम्ही चहा सांगितला. मग कसा कोण जाणे, सेंट्रल मैदानावरचा 1991 चा सामना निघाला. कॉम्रेड अंपायर होता, आणि त्याने बोट वर केलं तेव्हा बंड्या पुढच्या ओव्हरचा दुसरा बॉल खेळत होता असं बंड्याचं म्हणणं आहे. (मी स्कोअरर होतो. पहिला बॉल होता.)

"तेव्हापासूनची खोड आहे याची," बंड्या म्हणाला. "छतावरच्या सोलरला 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीची भानगडच दिल्लीने 2024 ला काढून टाकली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी. मी पॅनेल आणून गच्चीवर ठेवली. आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, एनओसी पुढच्या सर्वसाधारण सभेत! सात महिने! माझी पॅनेल गच्चीवर आडवी."

सेक्रेटरी कोण, हे सांगायला नको. सुरळी मांडीवर गेली होती.

"मुळात गच्ची सामायिक आहे."

"सामायिकच आहे. म्हणून तर एप्रिलभर वहिनी माझ्या पॅनेलवर पापड वाळत घालत होत्या. मी विचारलं, वहिनी, एनओसी घेतली का? तर म्हणाल्या, भावजी, तुम्हाला पण देते चार."

संज्याला ठसका लागला. चहावाला पोरगा किटली तशीच धरून हसत उभा. मी कॉम्रेडकडे बघायचं टाळलं, पण तो अजून मुद्दा शोधत होता, आणि त्याला तो सापडला.

"मुळात," कॉम्रेड म्हणाला, "तू सगळीकडे उडदाचे पापड म्हणून सांगतोयस. ते पोह्याचे होते."