स्विच बंद ठेवला तरी मटेरियल नंबरचं फील्ड ४० अक्षरांचंच राहतं

परवा भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, "मामा, हे बरोबर आहे ना? उद्या टीमला दाखवायचंय." ती पुण्यात नुकतीच एबॅपवर (एसएपी या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रोग्रामिंग भाषा) लागलीय, आणि हाच मेसेज मला तीन ग्रुपवर आधीच येऊन गेलाय. त्यात म्हटलंय की एसएपीच्या एस-फोर हाना या नव्या आवृत्तीत मटेरियल नंबर (मालाचा क्रमांक) १८ वरून ४० अक्षरांचा झाला तरी काळजी नको, डिक्शनरीत डोमेन (फील्डचा प्रकार आणि लांबी ठरवणारी मूळ व्याख्या) बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं, लांब नंबरचा स्विच बंद ठेवा म्हणजे जुन्या कोडला हात लावायला नको, आणि कुठे काही तुटलंच तर एरर येईलच.

डोमेनचं अर्धं खरं आहे, मान्य. त्यावरचे डेटा एलिमेंट, टेबलातली फील्डं, त्याच टाइपचे व्हेरिएबल सगळे ४० चे होतात. पण ज्याने घाईत कोडमध्ये सरळ कॅरॅक्टर १८ (म्हणजे १८ अक्षरांची लांबी) लिहून ठेवलंय तिथे डोमेन काय करणार?

स्विचचं मात्र धडधडीत चुकीचं आहे. एसएपीची नोट (अधिकृत माहितीपत्रक) २२१५४२४ उघडून वाचा ना एकदा! स्विच फक्त १८ पेक्षा लांब नंबर वापरता येतील की नाही एवढंच ठरवतो, फील्ड दोन्ही वेळेला ४० चंच. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये स्विच बंदच होता. गोदामाला रोज एक टेक्स्ट फाइल जायची, आधी १८ अक्षरं मटेरियल, लगेच पुढे ४ अक्षरं प्लांट (माल कुठल्या ठिकाणचा त्याचा कोड). अपग्रेडनंतर नंबर तेच १८ चे, पण त्यांच्या मागे २२ स्पेस आल्या आणि प्लांट तेवढाच पुढे सरकला, तिकडचं सॉफ्टवेअर १९ व्या जागेवर प्लांट शोधतंय आणि त्याला मिळतंय कोरं. आमच्या बाजूला सगळं हिरवं, आणि तिकडे गोदामातली माणसं रात्रभर हाताने पावत्या जुळवत बसलेली.

म्हणून "एरर येईलच" वाचून डोकं फिरलं. एबॅपमध्ये ४० चं व्हॅल्यू १८ च्या व्हेरिएबलमध्ये टाकलं की उजवीकडची अक्षरं गुपचूप कापली जातात, कोणी काही बोलत नाही. फंक्शन मॉड्यूलला चुकीच्या लांबीचं पॅरामीटर दिलं तर डंप येतो (प्रोग्राम तिथेच बंद पडतो), तेवढंच काय ते.

भाचीला सांगितलंय, एटीसीमधले (कोड तपासायचं एसएपीचं साधन) एस-फोर हानाचे चेक चालव, नोट २२१५८५२ मध्ये कोड कसा दुरुस्त करायचा ते दिलंय ते वाच, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलची एक ओळ काढून अक्षरं मोज.