हिरवा प्रकाश वनस्पती खरोखर ‘नाकारतात’ का?

वनस्पती हिरव्या का दिसतात, याचे एक ठरलेले उत्तर सर्वत्र सांगितले जाते. ते थोडक्यात असे : हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषते; हिरवा प्रकाश वनस्पतीच्या उपयोगाचा नसल्यामुळे हरितद्रव्य तो परत फेकते, म्हणून पान हिरवे दिसते; आणि सूर्यप्रकाशात हिरवा रंगच सर्वाधिक असल्यामुळे वनस्पती सर्वांत मोठा वाटा वाया घालवतात. यातला लाल-निळ्या प्रकाशाच्या शोषणाचा भाग बरोबर आहे. त्यापुढची विधाने मात्र तपासली की टिकत नाहीत.

पहिले विधान हिरवा प्रकाश परत फेकला जातो, हे. सर्वसाधारण हिरवे पान आपल्यावर पडलेल्या हिरव्या प्रकाशापैकी सुमारे ७० ते ९० टक्के प्रकाश शोषून घेते. उरलेल्यातला काही भाग परावर्तित होतो आणि काही पानातून आरपार जातो. लाल व निळ्या प्रकाशाचे शोषण याहून जास्त, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. पान हिरवे दिसते ते एवढ्याच फरकामुळे. शिवाय भरपूर उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे थोडासा उरलेला हिरवा प्रकाशही आपल्याला ठळकपणे जाणवतो.

दुसरे विधान, हे परावर्तन हरितद्रव्य करते, हे तर मुळातच उलटे आहे. ज्या पानांवर पांढरे आणि हिरवे पट्टे असतात, ती पाने या बाबतीत निर्णायक पुरावा देतात. पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य जवळजवळ नसते, तरीही तो पट्टा हिरव्या पट्ट्यापेक्षा जास्त हिरवा प्रकाश परत पाठवतो. फक्त त्याच्यासोबत लाल आणि निळा प्रकाशही परत येत असल्यामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. प्रकाश उलट फिरतो तो पेशीभित्तिका आणि पेशींमधल्या हवेच्या पोकळ्या जिथे भिडतात, तिथे होणाऱ्या विकिरणामुळे, म्हणजे प्रकाश विखुरल्यामुळे. हरितद्रव्य त्यातून लाल आणि निळा भाग काढून घेते, आणि हिरव्याचाही बराचसा काढून घेते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे : हिरवा प्रकाश निरुपयोगी असतो का? हा समज बहुधा पाठ्यपुस्तकांतल्या आलेखावरून आला असावा. त्या आलेखात निळ्या आणि लाल भागात दोन उंच शिखरे आणि मध्ये खोल दरी दिसते. पण तो आलेख पानातून वेगळ्या काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो, जिवंत पानाचा नव्हे. पानात हिरवा प्रकाश पेशींमधून इकडेतिकडे विखुरत लांबचा प्रवास करतो, वाटेत पुन्हा पुन्हा हरितलवकांवर, म्हणजे पेशींतल्या हरितद्रव्य असलेल्या सूक्ष्म घटकांवर, पडतो आणि प्रत्येक वेळी थोडाथोडा शोषला जातो. कीथ मॅक्री यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, २२ पीक-वनस्पतींवरील मोजमापांतही हिरव्या भागात अशी दरी आढळली नाही. पानाने शोषलेल्या हिरव्या प्रकाशाची प्रकाशसंश्लेषणातील कामगिरी निळ्या प्रकाशाच्या तोडीची निघाली.

याहून लक्षवेधी गोष्ट प्रखर उजेडात घडते. लाल आणि निळा प्रकाश पानाच्या वरच्या थरांतच संपतो, आणि तिथले हरितलवक आपल्या क्षमतेच्या मर्यादेला पोहोचलेले असले, तर आणखी पडणाऱ्या लाल प्रकाशाचे बहुतांशी उष्णतेत रूपांतर होते. हिरवा प्रकाश मात्र खालच्या, अजून वाव असलेल्या हरितलवकांपर्यंत उतरतो. जपानमधील इचिरो तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सूर्यफुलाच्या पानांवर दाखवून दिले, की प्रखर पांढऱ्या प्रकाशात जादा लाल प्रकाश मिळवण्यापेक्षा जादा हिरवा प्रकाश मिळवल्यास प्रकाशसंश्लेषण अधिक वाढते. ज्या गुणाला वनस्पतीचा दोष म्हटले जाते, तोच जाड पानाच्या तळापर्यंत काम पोहोचवतो.

सूर्याचा हिरवा प्रकाश सर्वाधिक असतो, हे चौथे विधान मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. तरंगलांबीनुसार ऊर्जा मोजली, तर शिखर ५०० नॅनोमीटरच्या आसपास येते. प्रकाशसंश्लेषणात मात्र प्रकाशकणांची संख्या महत्त्वाची असते, आणि ती मोजली की शिखर लाल भागाकडे सरकते. वनस्पतींनी हिरव्या पट्ट्याचा त्याग केला, या युक्तिवादाचा आधारच त्यामुळे ढासळतो. पाने संपूर्ण काळी का झाली नाहीत, हा प्रश्न तरीही उरतो आणि तो खरोखर चांगला प्रश्न आहे. क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रकाशात ऊर्जेचा पुरवठा स्थिर राहावा म्हणून शोषणाची शिखरे अशी विभागलेली असावीत, असे २०२० साली मांडलेले एक गणिती प्रारूप सुचवते. ते आकर्षक आहे, पण उत्क्रांतीत नेमके तसेच घडले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

बंदिस्त जागेत रोपे वाढवताना केवळ लाल-निळे एलईडी दिवे वापरण्याचे समर्थनही ‘हिरवा प्रकाश फुकट जातो’ याच समजावर केले जाते. त्या दिव्यांची निवड विजेच्या बचतीसाठी केली असेल, तर ते कारण ग्राह्य आहे. पण त्या जांभळ्या उजेडात पाने काळपट दिसतात, आणि पिवळेपणा किंवा रोगाचे डाग डोळ्यांना वेळीच ओळखता येत नाहीत.