बेळगावातली डिश कोल्हापूरकडे वळवू नका

सीमाभागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'कर्नाटकात मराठी चॅनेल हवे असतील तर डिशचं तोंड कोल्हापूरकडे करा. डिश जितकी उंच, तितका सिग्नल चांगला. सिग्नलची पट्टी भरली की काम झालं. पावसात चित्र गेलं तर डिश हलली समजा, फिरवून घ्या.' यातलं एकही वाक्य खरं नाही. येळ्ळूरच्या माझ्या आत्याकडे हे वाचून डिश फिरवली आणि चार दिवस टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. सह्याद्रीच्या बातम्या चुकल्या की तिला जेवण गोड लागत नाही. "मराठी बघायचं म्हणून फिरवली, होतं तेपण गेलं की रे," म्हणाली. म्हणून हे लिहितोय.

आधी कोल्हापूरचं. जुन्या काठीवरच्या अँटेनाचं तोंड टॉवरकडे करावं लागायचं. हा समज तिथूनच आला असावा. डिशचा टॉवरशी संबंध नाही. दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. २०१५ साली सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आणि कोल्हापूर उत्तरेला, मग डिश उत्तरेकडे करून मिळणार काय? बेळगाव शहरातून हिशेब केला तर उत्तरेपासून उजवीकडे १२८ अंश येतात, म्हणजे आग्नेय. नकाशावर रेघ ओढून बघा, थेट धारवाडवर जाते. निपाणी किंवा खानापुरात फरक पडला तर एखाद्या अंशाचा. क्षितिजापासून वरचा कोन ६१ अंशांच्या आसपास. तरीही डिश बरीच उभी दिसते, कारण ती ऑफसेट असते, म्हणजे सिग्नल टिपणारा एलएनबी तिच्या मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असतो. घाबरून तिला आणखी मागे पाडू नका, ब्रॅकेटवरचा आकडा धरा.

पैसे भरून घेतलेल्या सेवेत मराठी चॅनेल दिसत नसेल, तर आधी पॅक तपासा. पत्ता कर्नाटकातला म्हणून कन्नड पॅक टाकलेला असतो. २०१९ पासून एकेक चॅनेल निवडून घेता येतो, सीमेच्या अलीकडेही. तो हक्काने मागा.

उंचीचं म्हणाल तर ३६,००० किलोमीटरांत दहा फुटांनी काय होणार? समोरचं आकाश मोकळं हवं, बस. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या अखेरीस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळपास याच उपग्रहाच्या जागी दिसतो. त्या वेळी शेजारच्या नारळाची सावली डिशवर पडत असेल, तर तोच नारळ सिग्नल अडवतोय.

पट्टीने तर भल्याभल्यांना फसवलंय. पट्ट्या दोन असतात. स्ट्रेंग्थची पट्टी डिश चुकीच्या दिशेला असतानाही वर जाते. बघायची ती क्वालिटीची. आत्याकडे ती शून्यावर होती. आम्ही आधी ओळंबा लावला, तर पाइपच कललेला. पाइप तिरका असला की ब्रॅकेटवरचे आकडे खोटे पडतात. तो सरळ करून नट अर्धे सैल केले आणि डिश बोटभर सरकवून चार-पाच सेकंद थांबत गेलो, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. भराभर फिरवणाऱ्याच्या हाती तो कधीच लागत नाही. क्वालिटी आल्यावर एलएनबी जागच्या जागी थोडा फिरवून आणखी वाढवली. नट आवळताना डिश हमखास सरकते, म्हणून खाली एकाने पट्टीवर नजर ठेवून ओरडत राहावं.

आणि पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडची माणसं हे दर पावसाळ्यात बघतात. डिशच्या लहरी दाट पाऊस शोषून घेतो; सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. त्या वेळी डिशला हात लावलात तर नीट लागलेली दिशाही जाईल. आभाळ उघडल्यावरही चित्र आलं नाही, तर एलएनबीजवळचा कनेक्टर उघडून बघा. आत्याचा हिरवा पडला होता. नवा बसवला, वर टेप गुंडाळली आणि पाणी ओघळून कनेक्टरपर्यंत जाऊ नये म्हणून वायरीला खाली एक झोळ दिला.