हातांना कळते, चेंडूला कळत नाही

गोल्फमधले जाणकार म्हणून नाव मिळवायचे असेल, तर आपण चेंडू मारण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. चेंडू कुठे गेला हे चारचौघांना दिसते आणि तिथेच घात होतो. हातांना काय जाणवले, हे मात्र आपल्याखेरीज कोणालाही दिसत नाही. म्हणून अभ्यासाला इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) चेंडूला लागण्याच्या, क्षणी होणारी हातांची जाणीव हाच विषय घ्यावा. त्यासाठी मैदानही लागत नाही. ठाण्यात उपवन तलावाला सकाळची फेरी मारताना छत्री उलटी धरून एक सावकाश स्विंग करावा, मनगटाकडे पाहत मान हलवावी आणि सोबतच्या निवृत्त मंडळींना "आज हात जरा उशिरा आले" एवढेच सांगावे. हात कुठून आले, असे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

या विषयाची खरी सोय त्याच्या वेगात आहे. क्लब आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्यात चेंडू चेपतो, पुन्हा फुगतो आणि सुटतो. तो हादरा शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांड्यातून, तळहातात आणि तिथून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत पोहोचेपर्यंत जोरकस ड्राइव्हचा (लांब पल्ल्याच्या फटक्याचा) चेंडू मीटरभर तरी पुढे गेलेला असतो. म्हणजे ज्या जाणिवेवर आपण तासभर बोलणार, ती वरातीमागून आलेले घोडे असते. क्लब वरून खाली येण्याचा सगळा प्रवासच पाव सेकंदाच्या आसपास आटोपतो. जे ठरायचे ते त्याआधी पकडीत, उभे राहण्यात आणि कंबरेच्या वळणात ठरून गेलेले असते. नवशिक्याला यातले काहीही सांगू नये. त्याला "इम्पॅक्टला हात जिवंत ठेवा" असे सांगावे, म्हणजे तो ऐन वेळी काहीतरी करायला जातो आणि आपला विषय पुढच्या रविवारपर्यंत चालू राहतो.

पकडीचा प्रश्न निघाल्यास हॅरी व्हार्डन यांचे नाव घ्यावे. ब्रिटिश ओपन 6 वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूने उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकवण्याची पकड लोकप्रिय केली, एवढे माहीत असले की पुरते. त्यानंतर "पक्ष्याचे पिल्लू धरल्यासारखा क्लब धरा" हा जुना सल्ला द्यावा. गॅलरीला कबुतरांची जाळी लावून घेतलेल्या ठाणेकराने आयुष्यात पक्षी हातात घेतलेला नसतो, त्यामुळे नेमके किती घट्ट धरायचे हे तो आपल्यालाच विचारत राहतो. उत्तर दर वेळी वेगळे द्यावे.

आयर्नच्या, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या, फटक्याबाबत मात्र सावध असावे, कारण त्याचे शास्त्र धोकादायक म्हणावे इतके सोपे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे हात इम्पॅक्टला चेंडूच्या किंचित पुढे असावेत, डावे मनगट सपाट असावे, शाफ्ट लक्ष्याकडे झुकलेला असावा आणि क्लब आधी चेंडूला व मग जमिनीला लागावा. सात नंबरच्या आयर्नचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, मुळातच तीसेक अंशांनी कललेला असल्यामुळे चेंडू वर उचलण्याचे काम त्याचे आहे. मनगटाने उचलायला गेले की माती उचलली जाते. हे ज्याला एकदा कळले, तो हळूहळू सुधारतो आणि आपल्याकडे फिरकेनासा होतो. तेव्हा एका आठवड्यात "मनगट सोडा" आणि पुढच्या आठवड्यात "मनगट धरून ठेवा" असे सांगावे. दोन्ही वाक्ये कोणा ना कोणा नामांकित प्रशिक्षकाच्या तोंडी सापडतातच.

चेंडूचा प्रवास मोजणाऱ्या रडारच्या यंत्रांनी गडबड केली, हे खरे. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो, असे कैक वर्षे शिकवले जात होते. यंत्रांनी दाखवले की तो मुख्यतः क्लबचा फेस जिकडे पाहतो तिकडे निघतो आणि मार्ग व फेस यांतल्या फरकामुळे वळतो. ज्यांच्या हातांना इतकी वर्षे उलट जाणवत होते, त्यांच्या आत्मविश्वासावर याचा काही परिणाम झालेला दिसत नाही; आपणही तोच आदर्श ठेवावा. मोबाइलच्या स्लो मोशनला तर अजिबात भिऊ नये. सेकंदाला 240 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो आणि इम्पॅक्ट अर्ध्या मिलिसेकंदात संपतो. एका चित्रात चेंडू जागेवर, दुसऱ्यात पसार. मधल्या पोकळीत आपले हात काय करत होते, ते सांगण्याचा अधिकार आपलाच.

खारघरला सिडकोने गोल्फचे मैदान केले आहे आणि ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर थेट गाठता येते, त्यामुळे "एकदा जाऊ या" हा आग्रह फार काळ टाळता येत नाही. जावेच लागले, तर आधी सरावाच्या रबरी चटईवर जितके रेंगाळता येईल तितके रेंगाळावे. चटईवर क्लब चेंडूच्या आधी आपटला, तरी घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो. गवत तशी भीड ठेवत नाही. तिथे मातीचे ढेकूळ उडते, आणि जो खड्डा चेंडूच्या जागेच्या पुढे पडायला हवा, तो चार बोटे मागे पडलेला दिसतो. क्लबांची पिशवी वाहणारा कॅडी आधी खड्ड्याकडे पाहतो, मग आपल्या मनगटांकडे, आणि काही बोलत नाही. अशा वेळी हातांच्या जाणिवेवर भाष्य न करता लगेच वाकून तो खड्डा स्वतः वाळूने भरावा. शिष्टाचार पाळणारा खेळाडू म्हणून कौतुक होते आणि पुरावाही बुजतो.